एमएससी स्टॅटनंतर कॅन्सरच्या पॉप्युलेशन रिसर्चमध्ये करिअर होतं का? (नागपूर)

आकडेवाली_मानेवाडा

नमस्कार सगळ्यांना. माझं एमएससी स्टॅटिस्टिक्स यंदा नागपूर विद्यापीठातून संपून राहिलंय. शेवटच्या सेमला सर्व्हायवल अ‍ॅनालिसिसवर प्रोजेक्ट केला (पेशंट किती काळ जगतात त्याचं गणित), एका हॉस्पिटलच्या तोंडाच्या कॅन्सरच्या जुन्या फायली मिळाल्या होत्या आणि त्या एक्सेलमध्ये भरता भरता डोकं सुन्न झालं. वय बघितलं तर 34, 38, 41, आणि हिस्टरीत जवळपास प्रत्येकाच्या खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण). आपल्याकडे खर्रा कसा चालतो ते सांगायची गरज नाही, कॉलेजच्या गेटबाहेरच पानठेला असते. तर मी गाईडना विचारलं की सर नागपुरात तरुणांमध्ये हे वाढून राहिलं का, ते म्हणाले तुझ्या फायलींवरून ते सांगताच येत नाही, त्याला पॉप्युलेशन बेस्ड डेटा लागतो, कॅन्सर रजिस्ट्रीचा, म्हणजे एका हद्दीतल्या सगळ्या केसेसच्या नोंदींचा. तेव्हापासून हेच काम करावंसं वाटतंय, पण हे काम करणारा एकही माणूस माझ्या ओळखीत नाही.

आता अडचण अशी की पुण्याच्या एका कंपनीची ऑफर हातात आहे, सॅस (स्टॅटचं सॉफ्टवेअर) प्रोग्रामिंग, क्लिनिकल ट्रायल्सचं काम, पगार चांगला आहे आणि जुलैत जॉइन व्हायचंय. बाबांचं म्हणणं सरकारी परमनंट असेल तर कर नाहीतर पुण्याला जा. आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) जाहिराती बघते तर सगळं प्रोजेक्टवर, कॉन्ट्रॅक्ट. मला हे जाणून घ्यायचंय की या फील्डमध्ये स्टॅटिस्टिशियन दिवसभर नेमकं करतो काय, नोकऱ्या कुठे असतात, नागपुरात काही आहे का, आणि बारावीला बायोलॉजी नव्हतं तर अडेल का. कुणी या कामात असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

रजिस्ट्रीवाला_भाऊ

ताई, तुमच्या गाईडनी बरोबर सांगितलं, आणि ते असं का म्हणाले हे समजून घेतलं की या फील्डचं अर्धं काम समजतं.

हॉस्पिटलच्या फायलीत तरुण वाढले म्हणजे शहरात वाढले असं नाही. सरकारी आरोग्य योजनेत ते हॉस्पिटल आलं की गरीब माणूस जो आधी घरीच राहायचा तो आता येतो, एखादा नवा सर्जन आला की केसेस तिकडे वळतात, आणि आपलं नागपूर तर असं आहे की छिंदवाडा, बालाघाट, सिवनी, गोंदिया, गडचिरोली, सगळीकडचा पेशंट इथेच येतो. तो रुग्ण मोजायचा की नाही? रजिस्ट्रीचा नियम असा की रजिस्ट्रीच्या हद्दीत किमान एक वर्ष राहणारा असेल तरच केस धरायची. पण बालाघाटचा माणूस केसपेपरवर पत्ता लिहितो नंदनवनच्या मेव्हण्याचा, कारण मुक्काम तिथे असतो आणि फोनही त्याचाच असतो. तो नागपूरचा म्हणून धरला की तुमचा अंश (केसेस) फुगला आणि छेद (लोकसंख्या) तोच राहिला, दर खोटा. म्हणून आमचे लोक पेशंटला किंवा नातेवाईकाला विचारतात की मतदान कुठे करता, रेशन कार्ड कुठलं, पोरं कोणत्या शाळेत आहेत. हे काम स्टॅटिस्टिशियन स्वतः करत नाही, पण केलं की नाही आणि कसं केलं हे ज्याला माहीत नाही त्यानं त्या डेटावर रिग्रेशन चालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं, डुप्लिकेट. आपल्याकडे रजिस्ट्री अ‍ॅक्टिव्ह असते म्हणजे कोणी आपणहून कळवत नाही, आपली माणसं हॉस्पिटल, धंतोली-रामदासपेठेतल्या पॅथॉलॉजी लॅब, मनपाचं जन्म-मृत्यू खातं, सगळीकडे फिरून नोंदी आणतात. एकाच बाईची बायोप्सी लॅबमध्ये, ऑपरेशन दुसरीकडे, रेडिएशन तिसरीकडे. एका ठिकाणी वानखडे, दुसरीकडे वानखेडे, एकीकडे शकुंतला, दुसरीकडे शकुंतलाबाई, कुठे नवऱ्याचं नाव मधे आहे, कुठे माहेरचं आडनाव, आणि वय एकीकडे 55 तर दुसरीकडे 60 कारण जन्मतारीख माहीतच नसते. या तीन नोंदी एकाच बाईच्या की तिघींच्या? इथे उच्चारावरून नावं जुळवायचे प्रोग्रॅम चालवायचे, प्रॉबॅबिलिस्टिक मॅचिंग करायचं, आणि शेवटी शंका उरली तर फाइल काढून बघायची. मला विचाराल तर सगळ्यात इंटरेस्टिंग काम हेच आहे, कॉलेजात हे कोणी शिकवत नाही.

तिसरा, छेद. शेवटची जनगणना 2011 ची. 2021 ची झालीच नाही, आता पुढची 1 मार्च 2027 च्या संदर्भ तारखेची. म्हणजे इतकी वर्षं आपण वयोगटाप्रमाणे लोकसंख्येचा अंदाज बांधूनच दर काढून राहिलो. त्यात शहराची हद्द वाढली, हुडकेश्वर-नरसाळा मनपात आलं. 35-39 वयोगटात पुरुष किती हा अंदाज दहा टक्के चुकला तर तुमचा तो "तरुणांमध्ये वाढ" वाला आलेख त्यातच उगवतो किंवा त्यातच बुडतो. नवी जनगणना आली की जुने सगळे दर पुन्हा तपासावे लागणार, तेव्हा हे जमणारी माणसं लागतीलच.

मग येतं ते पुस्तकातलं: क्रूड रेट (लाखामागे सरळ दर), वयानुसार दर, सेगीच्या जागतिक प्रमाण लोकसंख्येवर वय-समायोजित दर, पॉइसॉन इंटरव्हल, जॉइनपॉइंट (कल कोणत्या वर्षी बदलला ते शोधणं), एज-पीरियड-कोहॉर्ट (वय, काळ आणि जन्मपिढी यांचे परिणाम वेगळे करणं). तुमचा खर्र्याचा प्रश्न खरं तर कोहॉर्टचाच आहे. 1985 नंतर जन्मलेल्यांनी जास्त लहानपणी सुरू केलं का, आणि त्याचा परिणाम वय आणि काळ यांच्यापासून वेगळा काढता येतो का. वर्ष वजा वय म्हणजे जन्मवर्ष, त्यामुळे तिन्ही एकदम काढता येत नाहीत, कुठलंतरी बंधन घालावंच लागतं, आणि कोणतं घातलं ते प्रामाणिकपणे लिहावं लागतं.

नागपूरला रजिस्ट्री 1980 पासून आहे, देशातली पहिली मुंबईची 1963 ची, इंडियन कॅन्सर सोसायटीनं सुरू केलेली. आयसीएमआरचा नॅशनल कॅन्सर रजिस्ट्री प्रोग्रॅम 1981-82 चा, तो आता बंगलोरच्या एनसीडीआयआर या संस्थेतून चालतो. वर्ध्याची वेगळी रजिस्ट्री आहे, सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात. तर नागपुरात काही नाही असं नाही, पण एका रजिस्ट्रीत स्टॅटिस्टिशियनच्या जागा असतात इनमिन एक-दोन. नोकऱ्यांचं पुढे लिहितो, आता ड्युटी आहे.

सॅसवाली_हिंजवडी

मी सीआरओमध्ये आहे, म्हणजे औषध कंपन्यांसाठी ट्रायल्सचं काम करणारी कंपनी. ताई, ऑफर सोडू नको असं मी म्हणणार नाही आणि घेच असंही नाही, फक्त काम वेगळं आहे हे लक्षात घे. इथे डेटा स्वच्छ येतो, प्रोटोकॉल आधीच ठरलेला असतो, तू ठरलेल्या फॉरमॅटचे एसडीटीएम, अ‍ॅडॅम डेटासेट आणि टेबल्स बनवणार, दोन जणांनी वेगवेगळं प्रोग्रॅम करून उत्तर जुळवायचं, डेडलाइन कडक. शिस्त खूप लागते ती आयुष्यभर उपयोगी पडते. पण "नागपुरात किती जणांना होतो" हा प्रश्न इथे कधी येत नाही, इथे प्रश्न असतो औषध अ की औषध ब. दोन-तीन वर्षं करून रिसर्चकडे गेलेली माणसं मी पाहिली आहेत, पण खरं सांगते, पगाराची सवय झाली की परत वळणं कठीण जातं, घराचे हप्ते सुरू झाले की झालंच.

पीएसएम_मॅडम

अगं, वरच्या दोघांनी छान लिहिलंय, मी परमनंटचा मुद्दा घेते कारण तुझ्या बाबांची काळजी रास्त आहे.

मेडिकल कॉलेजच्या पीएसएम म्हणजे कम्युनिटी मेडिसिन डिपार्टमेंटला स्टॅटिस्टिशियनची पोस्ट असते. एमएससी स्टॅटवाल्यांसाठी विदर्भात राहून पर्मनंट व्हायचा हा एक खरा रस्ता आहे, मी त्यातूनच आले. पण जाहिरात कधी निघेल त्याचा नेम नाही. आणि काम काय, तर एमबीबीएसला बायोस्टॅट शिकवणं आणि एमडीच्या पोरांचे थिसिस. मार्च-एप्रिलला दाराबाहेर रांग लागते, "मॅडम फक्त पी व्हॅल्यू काढून द्या". डेटा गोळा करून झाल्यावर येतात, सॅम्पल साइज कसा ठरवला विचारलं तर गप्प. याचा मला मनापासून राग येतो, कारण पेशंटनं वेळ दिलेला असतो, रक्त दिलेलं असतं. तू इथे आलीस तर हे बदलायला तुला भरपूर वाव आहे, पण पॉप्युलेशन रिसर्च तुला स्वतःच उभा करावा लागेल, प्रोजेक्ट लिहून, कॉलेजच्या एथिक्स कमिटीतून काढून.

आयसीएमआरमध्ये परमनंट जागा म्हणजे सायंटिस्ट बी, लेव्हल 10, मूळ पगार 56,100 पासून. आयसीएमआरच्या संस्थांमध्ये या जागा स्टॅट, बायोस्टॅट, डेमोग्राफीला निघतात पण थोड्या. बंगलोरचं एनसीडीआयआर, नोएडाचं एनआयसीपीआर, चेन्नईचं एनआयई ही नावं शोधून ठेव. टाटा मेमोरियलचं सेंटर फॉर कॅन्सर एपिडेमिओलॉजी खारघरला आहे, त्यांच्या प्रोजेक्टच्या जाहिराती नियमित बघत जा. आणि हो, यूजीसी नेटला स्टॅटिस्टिक्स हा विषय नाही, सीएसआयआर नेटला मॅथेमॅटिकल सायन्सेसमध्ये येतो, ते या डिसेंबरला दे. पॉप्युलेशन स्टडीज मात्र यूजीसी नेटला आहे, देवनारच्या आयआयपीएसकडे (लोकसंख्या अभ्यासाची संस्था) जायचं मनात असेल तर तेही बघ. आयएसएस (यूपीएससीची सांख्यिकी सेवा) द्यायचं असेल तर तिशीच्या आत.

बायोलॉजीची अजिबात काळजी करू नको. सहा महिन्यांत येतं. पण डॉक्टरांशी बोलायची भीती मोडावी लागेल, ते तुला "स्टॅटची मुलगी" म्हणून टेबलच्या टोकाला बसवतील, तिथूनच प्रश्न विचारायचे.

आकडेवाली_मानेवाडा

किती छान उत्तरं, खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. मॅडम, सीएसआयआर नेटचं फॉर्म भरतेच. भाऊ, तुम्ही नोकऱ्यांचं लिहिणार होता ते वाट बघून राहिले. आणि एक प्रश्न, प्रोजेक्टमध्ये मी कॅप्लान-मायर (किती जण किती काळ जगले त्याची रेषा) काढलं तर पाच वर्षांचं सर्व्हायवल इतकं चांगलं आलं की गाईडना पटलंच नाही. फॉलोअपला न आलेल्यांना सेन्सॉर केलं होतं, म्हणजे शेवटच्या भेटीपर्यंतच मोजलं होतं, पुस्तकात तसंच आहे. यात काय होतंय नेमकं?

स्टॉकहोमचा_वऱ्हाडी

मी मूळचा अमरावतीचा, नागपुरातूनच एमएससी, सध्या इकडे कॅन्सर सर्व्हायवलवर पीएचडी करतोय. तुझा प्रश्न म्हणजे आमच्या फील्डचा गाभा आहे त्यामुळे थोडं लांबण लागेल.

कॅप्लान-मायर असं धरून चालतं की जो सेन्सॉर झाला तो आणि जो उरला तो, दोघांचा धोका सारखाच. आता तुझ्या फायलीतला माणूस बघ. ऑपरेशन झालं, रेडिएशन अर्ध्यात सोडलं, परत यायला गाडीभाडं नाही, गावी गेला, तीन महिन्यांत वारला. फाइलमध्ये शेवटची भेट लिहिली आहे, मृत्यू नाही. तू त्याला सेन्सॉर केलंस म्हणजे गणितात त्याला उरलेल्या बऱ्या लोकांसारखा धरलास, तो तसा नव्हता. जे येत नाहीत ते बहुतेक वेळा जास्त आजारी असतात, म्हणून तुझी रेषा वर राहिली. म्हणून गाईडना पटलं नाही आणि पटायलाही नको होतं. तू एक कर, फॉलोअप तुटलेले सगळे शेवटच्या भेटीनंतर लगेच वारले असं धरून एक रेषा काढ, खरं उत्तर बहुधा या दोन रेषांच्या मधे आहे. मधली जागा किती रुंद आहे तेही रिपोर्टात छाप, ती रुंदी हाच तुझा खरा रिझल्ट आहे.

इकडे स्वीडनमध्ये कॅन्सर रजिस्टर 1958 पासून आहे आणि प्रत्येकाला जन्मापासून एक नंबर, त्यामुळे कॅन्सरची नोंद मृत्यूच्या नोंदीशी थेट जुळते, फॉलोअप तुटणं जवळजवळ नाहीच. आपल्याकडे मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेलं असतं "कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट", कॅन्सरचा उल्लेखच नाही. म्हणून कारणावर विसंबायचंच नाही अशी पद्धत आहे, रिलेटिव्ह किंवा नेट सर्व्हायवल, म्हणजे पेशंटचं जगणं आणि त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या सामान्य लोकांचं जगणं यांची तुलना. त्याला लाइफ टेबल (वयानुसार मृत्यूच्या शक्यतेचा तक्ता) लागतं. भारतात एसआरएसवरून (सरकारची नमुना नोंदणी) राज्यवार टेबल्स मिळतात, मग प्रश्न येतो की महाराष्ट्राचं टेबल नागपूर शहराला लावायचं का. नेट सर्व्हायवल काढायचा पोहार-पेर्मे एस्टिमेटर 2012 चा आहे, आर या स्टॅट सॉफ्टवेअरच्या रेलसर्व्ह पॅकेजमध्ये आहे, बसून चालवून बघ. आर शिक, इकडे स्टेटाही खूप चालतं. सॅस आलं तर चांगलं, नाही आलं तर या कामात अडत नाही.

करिअर म्हणशील तर स्वीडनमध्ये पीएचडी ही नोकरी असते, पगार मिळतो, ओपन जाहिरात निघते. लंडन स्कूलच्या कॅन्सर सर्व्हायवल ग्रुपचं कॉनकॉर्ड नावाचं काम आहे, 2018 ला त्यांचा तिसरा अहवाल आला, 71 देश, 322 रजिस्ट्र्या. लियॉंला आयएआरसी (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) आहे, त्यांची समर स्कूल असते. पण एक सांगतो, इथल्या मेथड सुबक आहेत कारण इथला डेटा सुबक आहे. आपल्या डेटासाठी मेथड अजून व्हायच्या आहेत आणि त्या इथला माणूस बनवणार नाही, ज्यानं नंदनवनच्या मेव्हण्याचा पत्ता बघितलाय तोच बनवेल. मला स्वतःला परत यायचंय, थिसिस झाली की.

रजिस्ट्रीवाला_भाऊ

वऱ्हाडी भाऊनं मस्त समजावलं. बार्शीचं सांगतो, 1987 ला तिथे देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री सुरू झाली, गावात पॅथॉलॉजी लॅबच नाही तर केस शोधायची कुठे, म्हणून माणसं गावोगाव जाऊन लोकांशी बोलायची, लक्षणं सांगायची, संशयिताला हॉस्पिटलात आणायची. हे समजलं की मग राष्ट्रीय अहवालातले आकडे वाचताना डोळे उघडतात. 2012-16 च्या अहवालात पुरुषांचा वय-समायोजित दर ऐझॉलला लाखात 269.4 आणि उस्मानाबाद-बीडला 39.5. जवळपास सातपट. यातलं खरं किती, तंबाखू-खाण्यापिण्याचा फरक किती, आणि निदानच न झालेले किती? हे सांगायला सूक्ष्मदर्शकानं खात्री झालेल्या केसेस किती टक्के, फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून कळलेल्या किती, मृत्यू आणि नवीन केसेसचं गुणोत्तर किती, हे सगळं बघावं लागतं. आणि खात्री झालेल्या केसेस फारच जास्त असल्या तरी शंका घ्यायची, म्हणजे बहुधा फक्त लॅबमधूनच गोळा केलंय.

त्याच उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची ट्रायल झाली होती. 52 गावसमूह, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बाया, 2009 ला निकाल छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) टेस्टनं पुढच्या स्टेजचे कॅन्सर आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ताई, यात स्टॅटिस्टिशियनचं काम कुठे आहे बघा. बाई-बाई लॉटरी नव्हती, गावसमूहांची लॉटरी होती, एका गावातल्या बाया एकमेकींसारख्या असतात त्यामुळे सव्वा लाख असूनही माहिती सव्वा लाखाएवढी नसते, ते विश्लेषणात धरावं लागतं. आणि कोणाला कॅन्सर झाला, कोण वारलं हे कळलं कशावरून, तर तिथे उभ्या केलेल्या रजिस्ट्रीवरून. रजिस्ट्री नसती तर ट्रायलला उत्तरच नसतं. पॉप्युलेशन रिसर्च म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे हेच काम येतं.

आता नोकऱ्या. खरं ते सांगतो, सुरुवात प्रोजेक्टवरच होते. एकत्रित पगार अधिक घरभाडं, वर्षावर्षानं रिन्यू. ग्रँट अडकली की पगार अडकतो, मी हे भोगलंय, त्या काळात घरी बायकोची नोकरी होती म्हणून निभावलं. कोणी म्हणेल पॅशन असेल तर करा, मी तसं म्हणत नाही. घरून एक-दोन वर्षं आधार असेल तर सरळ प्रोजेक्टला या, पेपर लिहा, पीएचडीला लागा, कारण या फील्डमध्ये पीएचडीशिवाय वर जाता येत नाही. आधार नसेल, भावंडांचं शिक्षण तुमच्यावर असेल, तर पुण्याला जा, नेट देत राहा, पैसे बाजूला ठेवा आणि दोन वर्षांनी या. दोन्ही रस्त्यानं आलेली चांगली माणसं आहेत. फक्त पुण्याला गेलात तर रोज अर्धा तास आर सोडू नका.

बायोलॉजीबद्दल मॅडमशी सहमत. एवढं मात्र शिका की आयसीडी-ओ (कॅन्सरच्या जागेचे आणि प्रकाराचे जागतिक कोड) कोडिंग कसं असतं. तुमच्याच फायलींचं उदाहरण, गालाच्या आतला कॅन्सर सी06.0, जीभ सी02, हिरडी सी03, आणि डॉक्टरनं नुसतं "तोंडाचा" लिहिलं की जातो सी06.9 मध्ये. खर्रा जिथे दाबून ठेवतात ती जागा म्हणजे गाल आणि हिरडी. सी06.9 चा ढीग मोठा असेल तर तुमचा खर्र्याचा प्रश्न त्या ढिगाखाली गाडला जातो.

आकडेवाली_मानेवाडा

भाऊ, आताच बघितलं, माझ्या शीटमध्ये साइटच्या कॉलमला अर्ध्यापेक्षा जास्त ठिकाणी नुसतं "ओरल कॅव्हिटी" आहे. पण फायलींमध्ये बायोप्सी रिपोर्ट जोडलेले होते, त्यात जागा लिहिलेली असणार. थिसिस सबमिट झालाय पण मला ते पुन्हा काढावंसं वाटतंय. हॉस्पिटलवाले परत फायली देतील का? आणि तुमच्याकडे येऊन काम बघता येईल का, मी रविवारी सोडून कधीही येऊ शकते. बाबांना वऱ्हाडीदादांचं उत्तर वाचून दाखवलं, ते म्हणाले पगार कधी अडकला होता ते त्या दुसऱ्या सरांना विचार :)

पीएसएम_मॅडम

आधीची एथिक्सची परवानगी थिसिसपुरती असेल, त्यामुळे परत फायलींना हात लावण्याआधी अमेंडमेंट (बदलाचा अर्ज) टाक, त्यात उद्देश स्पष्ट लिही, साइटचं कोडिंग दुरुस्त करणं आणि फॉलोअपची दुसरी रेषा. नाव आणि फोन नंबरचे कॉलम शीटमधून काढून टाक, नुसता स्टडी नंबर ठेव, आणि ती शीट मोबाईलवर कोणालाही पाठवू नको. गाईडची सही लागेल. फॉर्मॅट हवा असेल तर मला मेसेज कर, मी देते.

रजिस्ट्रीवाला_भाऊ

या की ताई, गाईडना घेऊन या म्हणजे वरून परवानगी घेणं सोपं जाईल. पेशंटची नावं असलेलं काही दाखवता येणार नाही, पण कोडिंग कसं करतात, डुप्लिकेट कसे काढतात ते डमी नोंदींवर दाखवतो. येण्याआधी दोन गोष्टी करून या. एनसीडीआयआरच्या साइटवर राष्ट्रीय अहवाल फुकट आहे, त्यात आपल्या रजिस्ट्रीची टेबल्स बघा आणि 2011 च्या जनगणनेतला शहराचा वयोगटवार आकडा काढून ठेवा. आणि आयएआरसीच्या सीआय5 प्लस डेटाबेसवर मुंबई-चेन्नईचा वर्षवार डेटा डाउनलोड होतो, त्यातला पुरुषांचा तोंडाचा कॅन्सर घेऊन वय-समायोजित दर स्वतः आरमध्ये काढा, रेडीमेड फंक्शन न वापरता, वजनं हातानं टाकून. उत्तर त्यांच्या टेबलशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर तो कोड घेऊन या, बसून बघू.

बाबांना सांगा पगार चार महिने अडकला होता, नंतर सगळा एकदम आला.